पिठीचा उपवास

उमरग्यात सोमवार धरणारी माणसं पुष्कळ आहेत, पण उपवास धरलेलं मांजर माझ्या माहितीत एकच. तिचं नाव पिठी. तिला उपवास धरायला लावला तो आमच्या गिरणीवाल्या अप्पांनी. कुणी विचारलं तर अप्पा प्रामाणिकपणे सांगायचे, "तिनं आपणहून धरला न्हाय. डाक्टरनी सांगितलाय."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. मी तिथं हजर होतो. पण ते पुढं येईल. आधी अप्पांची ओळख करून दिली पाहिजे.

मी लोहारा तालुक्यातला, सास्तूरजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, त्यामुळं उमरग्याला बी.एस्सी.ला आलो तेव्हा खोली कशी शोधतात हेही सांगणारं कुणी नव्हतं. बसस्थानकाबाहेरच्या रसवंतीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "गिरणीच्या माडीवर हाय एक. पण खाली दिवसभर घरघर चालतीय, सोसंल का?" मी म्हटलं, सोसेल. अप्पांनी खोली दाखवली, माझं नाव विचारलं आणि मग म्हणाले, "कॉलेजला हाईस?" मी हो म्हणालो. त्यांनी लगेच माझं नाव विसरून टाकलं. तेव्हापासून मी 'कॉलेज'. "ए कॉलेज, च्या घेतूस का?" "कॉलेज, वरचा नळ बंद कर की रे!" आता गल्लीतल्या बायकाही मला त्याच नावानं हाक मारतात. मी ओ देतो.

अप्पांचं वय ओळखणं अवघड आहे. भुवया, मिशी, कानावरचे केस, सगळं पिठानं पांढरं. सकाळी ते कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे ओढून गिरणीत उतरतात. दुपारपर्यंत विभूती कुठं संपते आणि पीठ कुठं सुरू होतं हे सांगता येत नाही. ते तीन भाषा बोलतात आणि तिन्ही वाटून दिल्या आहेत. गिऱ्हाइकाशी मराठी, मोटर बिघडली की दखनी, आणि मांजरीशी कानडी. कानडी त्यांच्या आईची भाषा. लग्न त्यांनी केलं नाही. का, म्हणून मी एकदा भीत भीत विचारलं होतं. ते म्हणाले, "गिरणी चालू होती." मला वाटलं पुढं काही सांगतील. पुढं काही नव्हतं.

अप्पांना जगात एकाच पापाची भीती वाटते: भेसळ. ज्वारीवर गहू दळायचा असेल तर आधीचं पीठ ते ब्रशनं कानाकोपऱ्यातून झाडून काढतात, मग दुसरा डबा ओततात. बाहेर बायकांची रांग कितीही वाढो. "एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात गेलं तर वर जाब द्यावा लागतुय," असं म्हणतात. श्रावणात तर विचारू नका. उपवासाचं दळण घ्यायचं म्हणजे गिरणी धुऊन पुसून, चाळण्या उन्हात वाळवून, स्वतः दुसरी आंघोळ करून. त्यांच्या हिशेबानं जगात दोनच प्रकारचे दाणे असतात. गहू, ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ हे धान्य. भगर, राजगिरा, साबुदाणा हे उपवासाचं. तिसरा प्रकार देवानं केला नाही.

दळून आलेलं पीठ ते चिमटीत धरतात, डोळे मिटतात आणि निकाल सांगतात. "जाडं हाय, परत घालतो." किंवा, "गहू वलं आणलंस गं बाई, दगडाला चिकटलं सगळं." आधी कुणी काही सांगायला गेलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "दळल्याबिगर कळत न्हाय."

पिठी या गिरणीतच, पोत्यांच्या मागं जन्मली. पांढरी शुभ्र. कामाला उंदीर धरण्यावर होती, पण बहुतेक वेळ पीठ पडतं त्या कापडी नळीच्या बाजूला, ऊबदार जागा बघून बसलेली असायची. अप्पा दिवेलागणीला गिरणी बंद करायचे, बाहेरच्या दगडी पायरीवर बसून दूध-भाकरीचा काला करायचे. निम्मा त्यांचा, निम्मा पिठीचा. मग ती त्यांच्या मांडीवर झोपायची आणि अप्पा कानडीत तिला काहीतरी सांगत राहायचे. मी वरून अभ्यास करता करता ऐकायचो. मला कानडी येत नाही, पण आज कुणी ओले गहू आणले एवढं सुरावरून कळायचं.

मग पिठी खाजवायला लागली. आधी कानामागं, मग मानेवर. तिथले केस गेले, लाल चट्टे उठले. खाल्लेलं उलटायला लागली. अंगानं इतकी उतरली की मांडीवर घेतलं तर हाडं लागायची. अप्पांनी खोबरेल लावून पाहिलं, कडुनिंबाचं पाणी लावून पाहिलं. शेवटी एका दुपारी तिला बाजाराच्या पिशवीत घालून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, आम्ही दोघं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं आमच्या आधी दोन म्हशी आणि एक रागावलेला बैल होता. पिशवीतून मांजर निघालेलं बघून डॉक्टरांनाच बरं वाटलं असावं.

"काका, खायला काय देता?"

"आमी खातो तेच. भाकर, दूद. सणाला पोळी."

डॉक्टरांनी तिचा कान उलटा करून बघितला, पोट दाबून बघितलं. मग समजावून सांगितलं, "काही मांजरांना धान्य सोसत नाही. हिचं तसं आहे का ते बघू. थोडे दिवस भाकरी, पोळी, भात, सगळं धान्य पूर्ण बंद करा. दूधही नको. मांजर मुळात मांसाहारी प्राणी आहे..."

"शिव शिव," अप्पा म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेरच्या म्हशीकडं तोंड फिरवलं.

डॉक्टर माझ्याकडं बघून पुढं सांगत राहिले. धान्य नसलेलं ओलं खाणं पाकिटात मिळतं. मांजरं पाणी कमी पितात, ओल्या खाण्यातून पाणीही पोटात जातं. पाकीट घेताना मागचं वाचून घ्या. सगळ्यात पहिलं नाव मांसाचं किंवा माशाचं पाहिजे, आणि ते पूर्ण आहार आहे असं लिहिलेलं पाहिजे. फरक पडला नाही तर परत आणा.

अप्पांनी यातलं 'धान्य बंद' एवढंच घरी आणलं. आणि धान्य बंद म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सबंध उमरग्यात ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी पिठीपुढं भगर आली. दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट घालून, मिरची वगळून. मग राजगिऱ्याचा लाडू कुस्करून. पिठीनं भगरीचा वास घेतला आणि ती अप्पांच्या तोंडाकडं बघत राहिली. साबुदाण्याचा एकेक दाणा पंज्यानं ढकलत ती फरशीभर गोट्या खेळली.

समोरच्या घरातल्या काशीबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या तोंडाला गल्ली भिते.

"अप्पा, मांजरीला कोणचा उपास म्हनायचा ह्यो?"

"डाक्टरचा."

"मग सोडती कधी? चंद्र बगून?"

"केस आले की सोडंल."

"आन् उंदीर चालतुय का तिला उपासाला? इचारून घ्या. न्हायतर मोडायचा."

मी धीर करून म्हटलं, "अप्पा, भगर म्हणजेसुद्धा एका गवताचंच बी असतं. तसं बघितलं तर ते धान्यच..."

"कॉलेज, भगर उपासाला चालती का न्हाय?"

"चालते."

"मग?"

मी जिना चढून वर गेलो. घरी मोठ्या माणसांपुढं बोलायची सवय नाही, आणि अप्पांचं खरंही होतं. पण पिठी दिवसेंदिवस वाळत चालली होती. एका सकाळी ती पोत्यावर उडी मारायला गेली आणि निम्म्यातून खाली पडली. अप्पांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. तेव्हा मी म्हणून टाकलं, "अप्पा, डॉक्टरांनी मांस द्यायला सांगितलंय. तुम्ही ऐकलं नाही. तिला तेच लागतं."

अप्पांनी मोटर बंद केली. गिरणीच्या वाडग्यात कुणाची तरी ज्वारी निम्मी होती, गिऱ्हाईक उभं होतं, तरी बंद केली. माठातलं पाणी प्यायले. गळ्यातल्या लिंगाला हात लावून पायरीवर बसले. मग म्हणाले, "दीक्षा मी घेतली. तिनं न्हाय घेतली."

"हो."

"तिचं तिच्यापाशी, माजं माज्यापाशी. देवाला कळतंय तेवडं." आणि उठता उठता, "पर तो शबुद माज्यापुडं काडायचा न्हाय."

म्हणून आमच्या दोघांत त्या पदार्थाला 'तिचं ते' असं नाव पडलं.

'तिचं ते' शोधायला आम्ही हमरस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. तिथं सरकी पेंड, कोंबडीखाद्य आणि कुत्र्याची बिस्किटं असतात. दुकानदारानं मांजराच्या कोरड्या खाण्याची एक पिशवी पुढं टाकली. पिशवीवर गलेलठ्ठ मांजर आणि उडी मारणारा मासा.

"वाच," अप्पा मला म्हणाले. "वरवर नगं. चाळून वाच."

मी मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. पहिलंच नाव मक्याचं. मग गव्हातला चिकट भाग. मग तांदूळ. मासा फार खाली, तोही नुसता अर्क म्हणून.

अप्पांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका लाल झाला. "वरती चित्र कशाचं हाय ओ?"

"माशाचं," दुकानदार म्हणाला.

"आन् आत मक्का? काशीबाईच्या डब्यात मी जवारी म्हनून मक्का घातला तर ती मला जित्ता ठिवंल का?"

"अप्पा, सगळे हेच नेतेत. आजपतूर एका बी मांजरानं तक्रार केली न्हाय."

"त्यास्नी वाचाय येत न्हाय म्हनून!"

शेवटी मी माझ्या फोनवर शोधायला सुरुवात केली. मी आधी कधीच ऑनलाइन काही मागवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझं इंग्रजी वाचन फार संथ आहे. कॉलेजात सरांनी उभं करून वाचायला सांगितलं की मी पहिल्याच ओळीत अडतो, मागच्या बाकावरची मुलं खाकरतात. इथं मात्र अप्पा माझ्या शेजारी मान तिरकी करून बसायचे. मी अडलो, शब्दकोश उघडला, परत मागं गेलो, तरी त्यांना चालायचं. उलट मी सरळ वाचत गेलो तर ते थांबवायचे.

"थांब. ह्येचा अर्थ?"

"हे पूर्ण आहार नाही म्हणतात. मधूनमधून द्यायचं."

"म्हंजे तोंडी लावनं. नगं. जेवान बग."

पुष्कळ पाकिटांवर पुढं मोठ्या अक्षरात धान्य नाही असं लिहिलेलं आणि मागं साखर, रंग. अप्पा ती एका हातानं उडवून लावायचे. एकात रस्सा दाट व्हायला गव्हाचं पीठ होतं. "बारा भावंडं आन् त्यात चोर एक," अप्पा म्हणाले. तेही गेलं. मग टॉरिन हा शब्द आला. मी पुस्तकात बघून सांगितलं की ते मांजराच्या डोळ्यांना आणि काळजाला लागतंच.

"आपल्याला न्हाय लागत?"

"लागतं. पण आपलं शरीर ते आपलं आपण तयार करतं. मांजराला पुरेसं करता येत नाही. खाण्यातूनच मिळावं लागतं."

अप्पा पिठीकडं बघून म्हणाले, "बिचारी. आन् मी तिला भगर घालतुय."

आणि मग एका चांगल्या पाकिटावर, मासा पहिला, पूर्ण आहार, टॉरिन आहे, गहू नाही, मका नाही, तांदूळ नाही, अगदी शेवटाकडं मला एक शब्द दिसला. मी शब्दकोश बघितला आणि सांगावं की नाही असं झालं. पण चाळून वाचायचं ठरलं होतं.

"टॅपिओका. थोडासाच आहे, दाटपणासाठी. म्हणजे अप्पा... साबुदाणा ज्यापासून करतात ते."

अप्पा उभे राहिले. दारात गेले. "काशीबाई! ओ काशीबाई! भायेर या! सायबाच्या पाकिटात बी साबुदानाच हाय! आन् मला हसत हुत्या!"

काशीबाई हातातलं पीठ झटकत बाहेर आल्या. "मग आता सायबाला बी धरायला लावा सोमवार," म्हणाल्या आणि आत गेल्या. अप्पांचा आनंद त्यानं कमी झाला नाही.

पार्सल आलं. तीन तऱ्हेची पाकिटं मागवली होती. अप्पांनी एकेक पाकीट बाहेरूनच अंगठ्यानं दाबलं, डोळे मिटले. "हे भरड. हे नुसतं पानी. हे बारीक, एका चाळनीचं." पिठीनं भरड हुंगून सोडलं, पाण्याचं पाणी तेवढं चाटलं, आणि बारीक मात्र ताटली ढकलत भिंतीपर्यंत नेऊन संपवलं. "गिरनीचं मांजर हाय," अप्पा म्हणाले. "जाडंभरडं कसं खाईल?"

पाकीट उघडायचा सोहळा बघण्यासारखा असायचा. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापलीकडं. नाकातोंडावर उपरणं. कात्री वेगळी, तिला ओळखीसाठी लाल चिंधी बांधलेली. हात लांब करून, तोंड पार शेजारच्या पत्र्याकडं फिरवून अप्पा कात्री चालवायचे, ताटलीत पाकीट उपडं करायचे आणि विचारायचे, "पडलं का?" मी म्हणायचो, पडलं. मग "शिव शिव" म्हणत सरळ आंघोळीला, डोकं न भिजवता. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पाण्याचा हंडा भरून ठेवायचं काम मी घेतलं.

पिठी खायला लागली, उलट्या थांबल्या, पण खाज थांबेना. चट्टे तसेच. रात्रंदिवस पाय झाडत खाजवायची. दवाखान्यात परत जाऊन आलो. डॉक्टरांनी मलम दिलं, आणि विचारलं, "धान्य पूर्ण बंद आहे ना? कुणी चोरून भाकरी घालत नाही ना?" अप्पा दुखावले. गल्लीत घरोघरी जाऊन त्यांनी सांगितलं, माझ्या मांजरीला कुणी तुकडा टाकायचा नाही. तरी खाज होतीच.

अप्पांचं कामात लक्ष लागेना. एके दिवशी काशीबाईंचा डबा परत आला. अप्पांच्या गिरणीतून गेलेला डबा परत येणं ही गोष्ट गल्लीनं पाहिलेली नव्हती. काशीबाई तरातरा आल्या होत्या, "हे पीठ हाय का कन्या?" असं म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण पिठीला मांडीवर घेऊन बसलेल्या अप्पांचा चेहरा त्यांनी बघितला, आणि डबा खाली ठेवून नुसतं म्हणाल्या, "सवडीनं घाला परत. गडबड न्हाय."

त्याच संध्याकाळची गोष्ट. पिठीचं जेवण झालं. अप्पा आंघोळ करून आले. मी ताटली विसळत होतो. पिठी गिरणीत जाऊन पोत्यावर बसली आणि जेवल्यावर सगळी मांजरं करतात तेच करायला लागली. पुढचा पाय चाटला, खांदा चाटला, पाठ चाटली. लांब जीभ काढून, सावकाश, मन लावून. आम्ही दोघं बघत होतो. रोजच बघत होतो.

अप्पा पुढं झाले आणि त्यांनी तिच्या पाठीवर हलकी फुंकर घातली.

पीठ उडालं.

काशीबाईंची ज्वारी, मास्तरांच्या घरचे गहू, कोपऱ्यावरच्या खानावळीची बाजरी, सगळ्या गल्लीचं दळण पिठीच्या अंगावर होतं आणि ती ते दिवसभर चाटून पोटात घालत होती. आम्ही गव्हाच्या एका कणासाठी पाकिटं नाकारत होतो.

अप्पा मटकन खाली बसले. "कॉलेज, भेसळ माज्याच घरात हुती रे."

पिठीनं त्यांच्याकडं बघितलं आणि दुसरा खांदा चाटायला घेतला.

"गिरनी बंद ठिवली तर?" अप्पांनी विचारलं. त्यांनी ते खरंच विचारलं होतं. ज्यांनी गिरणीसाठी लग्न केलं नाही ते विचारत होते. मग मी म्हणालो, "गिरणी बंद ठेवू नका. पिठी वर राहू दे माझ्याकडं. माझ्या खोलीत पीठ येत नाही."

तिला कोमट पाण्याच्या फडक्यानं आम्ही पुसून काढलं. फडकं चिकट झालं, परत धुतलं, परत पुसलं. पिठीनं माझ्या मनगटावर नखांनी आपलं मत नोंदवलं. आणि पांढऱ्या मांजरीतून हळूहळू दुसरंच मांजर बाहेर आलं: काळं, त्यावर तांबूस कवड्या, पांढरं फक्त गळ्याखाली. काशीबाई बघायला आल्या होत्या. "अगं बाई, ही तर कुनाची दुसऱ्याचीच हाय!"

अप्पा हसले नाहीत. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "डोळ्याम्होरं वाडली," म्हणाले, "आन् रंग ठावं न्हाय मला."

पहिला दिवस फार जड गेला. पिठी माझ्या खिडकीत बसून खाली गिरणीकडं बघत ओरडत होती. खाली अप्पा डबा ओतायचे आणि वर बघायचे, ओतायचे आणि वर बघायचे. अंगावर पीठ, म्हणून त्यांनाही वर येता येईना. सकाळचं पाकीट मी उघडलं. तिनं तोंड लावलं नाही.

दिवेलागणीला अप्पांनी गिरणी बंद केली. डोक्यावरून आंघोळ केली, नखांतलं पीठ काडीनं काढलं, धुतलेलं धोतर नेसले आणि जिना चढून माझ्या दारात आले. मीच त्यांना क्षणभर ओळखलं नाही. त्यांच्या भुवया काळ्या होत्या! पिठीनं तर त्यांचा वास घेतला, दोन पावलं मागं सरली आणि माझ्या कॉटखाली जाऊन बसली. पिठाशिवायचे अप्पा तिनंही कधी पाहिले नव्हते.

अप्पा दारातच उभे राहिले. इतका मोठा माणूस इतका ओशाळलेला मी पाहिला नव्हता. मग ते जमिनीवर बसले, कॉटखाली वाकले आणि हळूच म्हणाले, "बा... बा, पिठी, बा." ये म्हणत होते, एवढं मला कळलं. थोड्या वेळानं कॉटखालून आधी मिश्या आल्या, मग ती सगळी आली. मांडीवर चढली. त्या संध्याकाळी अप्पांनी उपरणं नाकाला लावलं नाही. ताटली हातात धरून बसले आणि ती त्यांच्या हातातली खात राहिली.

आता पिठीच्या मानेवर केस आलेत. खाज नाही. अंगानं भरली आहे. डॉक्टर म्हणाले, मानवलंय, हेच चालू ठेवा. पाकीटही एकच ठरून गेलंय, तेच बारीक, माशाचं. शोधायचं काही उरलेलं नाही.

तरी अप्पा रोज संध्याकाळी आंघोळ करून, केसांना तेल लावून, पाकीट हातात घेऊन वर येतात. चहा मी करतो. पिठीला मांडीवर घेतात आणि पाकीट माझ्याकडं देतात.

"वाच जरा."

"कालचंच आहे अप्पा."

"असू दे. कंपन्या बदलतेत कदी कदी. आपन बगितलेलं बरं."

मग मी वाचतो आणि अप्पा मान तिरकी करून ऐकतात. वाचून झालं की कॉलेजात काय झालं ते विचारतात, आईचा फोन आला का विचारतात, ओले गहू कुणी आणले ते सांगतात, आता मराठीत. मग जेवायला जातात.

परवा माझी दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. जर्नल पुरं व्हायचं होतं. मी पाकीट हातात घेतलं आणि मासा, टॉरिन, पूर्ण आहार असं उरकून परत दिलं.

अप्पा पिठीच्या कानामागं खाजवत होते. वर न बघता म्हणाले, "मधलं ऱ्हायलं."

"कोणतं?"

"माशाच्या म्होरं माशाचं पानी. मग सूर्यफुलाचं तेल. मग टॅपिओका. मग ती जीवनसत्त्वं, ए, डी, ई. मग टावरिन. टावरिन तू आदी घेतलंस." इंग्रजी अक्षरही वाचता न येणाऱ्या अप्पांनी सगळं क्रमानं, एकही दाणा न सांडता सांगितलं. आणि मग आपल्याला ते पाठ आहे हे आपणच उघड केलं, असं त्यांच्या ध्यानात आलं. हात पिठीच्या पाठीवर थांबला. ते पाकीट उचलून उठायला लागले.

"तुजी परीक्षा हाय न्हवं? जातो मी. मागं अंगनात घालतो तिला."

"बसा अप्पा," मी म्हणालो.

मी जर्नल मिटलं, पाकीट त्यांच्या हातातून घेतलं, दिव्याखाली धरलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. एकेक शब्द, जिथं अडलो तिथं थांबत. अप्पा परत टेकून बसले.

"सावकाश," ते म्हणाले. "चाळून."